कात्री कोणाची?

फोटो निघू लागण्याआधीच्या अमेरिकेत लोक आपली बाजूने दिसणारी मुखाकृती कागदातून कातरून घेत. या सिल्हूटांबद्दल एक मत चांगलेच रुळले आहे: चेहरा यंत्राने टिपला, कातरणाऱ्याने रेघेवरून कात्री फिरवली, यात कसली आली कला? या मताला साक्षीदारही तगडा आहे. ऑगस्त एदुआर हा फ्रेंच कलावंत 1839 ते 1849 अमेरिकेत फिरला. माणूस समोर उभा करून तो नुसत्या नजरेने कातरायचा आणि यंत्रवाल्यांना तुच्छ लेखायचा. पण एकाच बाजारातल्या प्रतिस्पर्ध्याची निंदा हा काही पुरावा नव्हे.

आधी यंत्रच पाहू. फिलाडेल्फियात चित्रकार चार्ल्स विल्सन पील याच्या म्युझियममध्ये 1802 साली जॉन आयझॅक हॉकिन्सने रचलेले यंत्र बसले. कपाळ, नाक, हनुवटी अशी एक पट्टी चेहऱ्याच्या कडेने फिरे आणि दांड्यांच्या जोडणीतून तोच आकार लहान होऊन घडीच्या कागदावर उमटे. शाई नाही, दाबाची नुसती खूण. मग आतला चेहरा कापून काढायचा आणि उरलेल्या पांढऱ्या कागदामागे काळा कागद लावायचा. कागदाची चौघडी असे, म्हणून एका कातरणीत चार प्रती. पापणी, केसांच्या बटा, टोपीची झालर मात्र यंत्राच्या आवाक्यातली नव्हती. तिथे कात्रीच चाले.

ती कात्री मोझेस विल्यम्सच्या हातात होती. तो पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला, 1802 मध्ये मुक्त झाला. पीलने आपल्या मुलांची नावे राफाएल, रेम्ब्रां, टिशियन अशी ठेवली, त्यांना रंग दिले. मोझेसला कात्री दिली. (हा भेद पीलला खटकल्याचे दिसत नाही.) यंत्र कोणालाही मिनिटभरात स्वतःचे स्वतः चालवता येते, अशी पीलचीच जाहिरात होती. तरी 1803 मध्ये लोकांनी आठ आठ सेंट मोजून 8,880 मुखाकृती कातरून घेतल्या. यंत्रच सर्व काही करत असते, तर हे पैसे कशाचे? मोझेसच्या अचूक कातरकामावर यंत्राचा लौकिक टिकून आहे, हे पीलने स्वतः हॉकिन्सला कळवले होते. कागदावर ठसा मात्र ‘म्युझियम’ असा उमटे.

फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत खुद्द मोझेसची एक मुखाकृती आहे. ती बरीच वर्षे राफाएल पीलच्या नावावर होती. ग्वेंडोलिन ड्युबॉइस शॉ या अभ्यासिकेने दाखवले, की केसांपाशी कात्री यंत्राची रेघ सोडून गेली आहे. म्हणून हे आत्मचित्र असावे. आत्मचित्राचा निष्कर्ष कोणी नाकारील, ते चालेल. पण रेघ सोडून कात्री चालली, हे डोळ्यांना दिसते. मग ती नुसती रेघेवरून फिरली, हे म्हणणे टिकत नाही.

आपल्या नाशिककडचे उदाहरण घ्या. दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा लंडनच्या विल्यमसनचा होता. म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट विल्यमसनचा, असे फाळक्यांच्या त्र्यंबकेश्वरात कोणी म्हणून पाहावे!

पीलच्या म्युझियमची प्रत्येक मुखाकृती मोझेसचीच, असा दावा मी करणार नाही. तिथे इतरांनीही कातरले असेल. पण संग्रहालयांच्या यादीत यंत्रकर्ता म्हणून हॉकिन्सचे नाव लिहायचे असेल, तर शेजारी कातरणारा म्हणून मोझेस विल्यम्सचेही लिहावे लागेल.