इशरत जहाँ प्रकरण

इशरत जहाँ प्रकरण : अहमदाबाद शहराच्या हद्दीत १५ जून २००४ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात मुंब्रा (जि. ठाणे) येथील १९ वर्षांची विद्यार्थिनी इशरत जहाँ व तिच्यासोबतचे तीन पुरुष ठार झाले. ही चकमक बनावट होती, असा आरोप करून तिच्या कुटुंबाने दीर्घ न्यायालयीन लढा दिला. तीन स्वतंत्र चौकश्यांनी कुटुंबाच्या आरोपाला दुजोरा दिला, तरी एकाही आरोपीवर खटला उभा राहिला नाही.

घटना : गोळीबार कोतरपूर जलकेंद्राजवळच्या रस्त्यावर झाला. इशरतबरोबर मूळचे केरळचे जावेद शेख (पूर्वीचे नाव प्रणेश पिल्लई) आणि पोलिसांनी पाकिस्तानी म्हणून ओळख सांगितलेले अमजद अली राणा व झीशान जोहर हे मरण पावले. हे चौघे लष्कर-ए-तैयबा या दहशतवादी संघटनेचे हस्तक असून गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हत्येसाठी निघाले होते आणि अडवताच त्यांनी गोळीबार केला, असे अहमदाबाद गुन्हे शाखेचे म्हणणे होते.

कुटुंब : इशरत माटुंग्याच्या गुरू नानक खालसा महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांच्या निधनानंतर सात भावंडांच्या घराचा भार आई शमीमा कौसर यांच्यावर आला. इशरत शिकवण्या घेत असे आणि जावेद शेख यांच्याकडे नोकरीही करत असे. मुलगी गेली त्याच वर्षी शमीमा कौसर यांनी गुजरात उच्च न्यायालयात धाव घेऊन तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) देण्याची मागणी केली. जावेद यांचे वडील गोपीनाथ पिल्लई यांनीही वेगळी कायदेशीर लढाई लढली. पुढे ॲड. वृंदा ग्रोव्हर यांनी शमीमा कौसर यांची बाजू मांडली.

चौकश्या : अहमदाबादचे महानगर दंडाधिकारी एस. पी. तमांग यांनी सप्टेंबर २००९ मधील आपल्या हस्तलिखित अहवालात चकमक बनावट ठरवली. राज्य सरकारने आव्हान दिल्यावर उच्च न्यायालयाने अहवालाला स्थगिती दिली. त्यानंतर न्यायालयाच्याच आदेशाने नेमलेल्या विशेष तपास पथकाने नोव्हेंबर २०११ मध्ये तोच निष्कर्ष काढला आणि १ डिसेंबर २०११ रोजी तपास सीबीआयकडे गेला. मृत व्यक्ती दहशतवादी होत्या की नव्हत्या यापेक्षा चकमक खरी होती की नाही हे आधी तपासा, असे उच्च न्यायालयाने सीबीआयला बजावले.

जुलै २०१३ मध्ये सीबीआयने गुजरात पोलिसांच्या सात अधिकाऱ्यांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. चौघांना आधीच ताब्यात घेतले होते, नंतर ठार मारून शस्त्रे मृतदेहांजवळ ठेवली, असा त्यात आरोप होता. २०१४ च्या पुरवणी आरोपपत्रात गुप्तवार्ता विभागाच्या चार अधिकाऱ्यांची नावे आली.

लष्कर-ए-तैयबाशी संबंधाचा वाद : केंद्रीय गृहमंत्रालयाने २००९ साली दोन प्रतिज्ञापत्रे दाखल केली. पहिल्यात मृतांचा लष्कर-ए-तैयबाशी संबंध सांगितला होता. दुसऱ्यात, गुप्तवार्ता म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे, असे स्पष्ट केले. २०१६ मध्ये २६/११ च्या मुंबई हल्ल्यातील दोषी डेव्हिड हेडली याने मुंबईतील न्यायालयापुढे दिलेल्या साक्षीत इशरतचे नाव घेतले, पण ते ऐकीव माहितीवर आधारलेले होते. कुटुंबाने हा संबंध सातत्याने नाकारला.

मंजुरीचा अडसर : तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ नुसार, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागत असे. गुप्तवार्ता विभागाच्या अधिकाऱ्यांबाबत केंद्राने ती नाकारली. आरोपपत्रातील सात पोलीस अधिकाऱ्यांपैकी पी. पी. पांडे २०१८ मध्ये पुराव्याअभावी आरोपमुक्त झाले. राज्य सरकारने मंजुरी नाकारल्यामुळे डी. जी. वंझारा व एन. के. अमीन मे २०१९ मध्ये सुटले. जे. जी. परमार यांचे २०२० मध्ये निधन झाले. उरलेल्या जी. एल. सिंघल, तरुण बारोट व अनाजू चौधरी यांना विशेष न्यायालयाने ३१ मार्च २०२१ रोजी आरोपमुक्त केले. मृत व्यक्ती दहशतवादी नव्हत्या असे प्रथमदर्शनी दाखवणारे काही नोंदीवर नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्याआधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, शमीमा कौसर यांनी न्यायालयाला पत्र लिहून आपली उमेद संपल्याचे आणि यापुढे कामकाजात भाग घेणार नसल्याचे कळवले होते.

महत्त्व : पोलीस चकमकींतील मृत्यूंच्या तपासाबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ज्यात ती दिली गेली, तो पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढवलेला खटला मुंबईतील चकमकींवरून उभा राहिला होता. गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र यंत्रणेकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी या तत्त्वांनी अनिवार्य केली. इशरतच्या कुटुंबाला मात्र तपासासाठीच सात वर्षे न्यायालयात झगडावे लागले आणि तपास पूर्ण झाल्यावर खटल्याची वाट मंजुरीपाशी अडली. साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही, पुरावे पारखले गेले नाहीत. त्यामुळे गोळी झाडणाऱ्यांचा दोष जसा सिद्ध वा असिद्ध झाला नाही, तसाच १९ वर्षांच्या मुलीवर मृत्यूनंतर लागलेला दहशतवादाचा आरोपही कधी न्यायालयीन कसोटीवर तपासला गेला नाही. संशयिताला अटक करून न्यायालयापुढे उभे करणे ही राज्यसंस्थेवर बंधनकारक अशी रीत आहे. ती पाळली गेली नाही, तर मृताच्या आईला उत्तर मिळत नाही आणि पोलिसांचा दावाही कायमचा अप्रमाणित राहतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.