एका आकड्याची गोष्ट

गरिबांसाठीचे मेडिकेड १९६५ साली आले. ॲरिझोना मात्र १९८२ मध्ये, सर्व राज्यांच्या शेवटी, त्यात शिरले. २०१३ मध्ये तिथल्याच रिपब्लिकन गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी, ओबामाकेअरच्या विरोधक असूनही, स्वपक्षीयांशी भांडून योजना वाढवली. राज्याचा वाटा रुग्णालयांकडून घ्यायचे ठरले. पण १९९२ पासून करवाढीला दोन-तृतीयांश मते लागत, तेवढी नव्हती. तेव्हा कायद्यात आकडाच न घालता तो ठरवणे योजनेच्या संचालकांवर सोपवले. अशा आकारणीला राज्यघटनेत सूट होती! (आम्ही प्रोग्रॅमर मंडळी हेच करतो: आकडा प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही, चालवताना भरायचा.) चिडलेले आमदार कोर्टात गेले. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आकारणी वैध ठरवली. तोवर लाखो गरिबांचे औषधपाणी त्या न लिहिलेल्या आकड्यावर टांगलेले होते.