घाटवाटांची प्रत

किल्लारी हे तेरणेकाठचे, काळ्या मातीचे गाव. तेथील मनुष्याने डोंगरवाटांविषयी लिहावे हे कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्या पठारावर हे गाव वसले आहे त्या पठारासच बालाघाट म्हणतात. घाटाच्या वरचा तो बालाघाट आणि खालचा तो पायनघाट, हा भेद मोगलांच्या दप्तरांतून रूढ झाला. ज्या मुलखाचे नावच घाटावरून पडले, तेथील रहिवाशास घाटाच्या वाटांचा विचार करण्याचा थोडासा अधिकार असावा.

हा विचार आताच करण्यास कारण घडले आहे. रुंद, खाचदार धावांची आणि अनेक दात्यांची सायकल घेऊन डोंगर चढण्या-उतरण्याचा छंद गेल्या काही वर्षांत आपल्याकडील तरुणांत वाढीस लागला आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे फिरावयास येणारी मंडळी आणि हे सायकलस्वार एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात, आणि मग वाट कोणाची हा वाद निघतो. एक पक्ष म्हणतो, डोंगर सर्वांस मोकळा आहे. दुसरा म्हणतो, चाकांस तेथे बंदीच असावी. आमच्या मते दोन्ही पक्ष एक जुनी गोष्ट विसरतात. डोंगरातील सर्व वाटा सर्वांसाठी कधीच नव्हत्या. कोणती वाट कोणाची, हे ठरविण्याचे एक न लिहिलेले शास्त्र सह्याद्रीत शतकानुशतके चालत आले आहे.

ह्या शास्त्राचा पाया खडकात आहे. दक्षिणेचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झाला. त्या खडकास युरोपीय भूगर्भवेत्त्यांनी दिलेले 'ट्रॅप' हे नाव पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे, आणि ते यथार्थ आहे. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात: एक सपाट पट्टी, मग उभा कडा, पुन्हा पट्टी, पुन्हा कडा. पट्टीवरून आडवे चालणारास काहीच कष्ट नाहीत. कडा उतरावयाचा तर नाळ, खिंड किंवा सोंड शोधावी लागते. वाटांच्या प्रती प्रथम निसर्गाने पाडल्या; मनुष्याने त्यांस नावे दिली. कर्जतकडील खांडस गावाहून भीमाशंकरास जाणाऱ्या दोन वाटा ह्याचे उत्तम उदाहरण होत. एक गणेश घाट, लांबची पण सोपी. दुसरी शिडी घाट, जवळची पण कड्यास शिड्या लावलेली. यात्रेकरूस वाटेचे नावच सावध करते. निराळी पाटी लागत नाही.

वाटेची प्रत ठरविणारे दुसरे माप म्हणजे ओझे. आमच्या तेरणेच्याच काठी, वरच्या अंगास, तेर आहे. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण व तगर येथील माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरास नेत, असे वर्णन आहे. पठारावर गाडी चालते, कड्याशी ती थांबते. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट पाहावा: सातवाहनांनी तेथे वाट बांधली, लेणे खोदून राणी नागनिकेचा लेख कोरला, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे, परंतु ती पायऱ्यांची वाट माणसांची आणि पाठीवर गोणी घेतलेल्या जनावरांची, गाडीची नव्हे. पुढे हजारो बैलांचे तांडे घेऊन धान्य व मीठ वाहणाऱ्या लमाणांनी हीच विद्या टिकविली. लादलेला बैल कोठे पाय टाकील आणि कोठे अडेल, हे तांड्याच्या नायकास जितके कळे तितके एखाद्या सरदारास कळत नसे.

सरदारास न कळल्याने काय होते, ह्याचा दाखला उंबरखिंडीइतका बोलका दुसरा नाही. इ. स. १६६१ च्या आरंभी शाएस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानास कोकणात धाडले. बरोबर रायबागन ही वऱ्हाडची शूर सरदारीण होती. लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने फौज खाली उतरली ती दाट अरण्यातल्या एका चिंचोळ्या नळीत शिरली. परमानंदाने 'शिवभारता'त ह्या प्रसंगाचे वर्णन केले आहे. पुढे मराठे, मागे मराठे, दोन्ही अंगांस झाडी. वारा नाही, पाणी नाही. घोडदळ, तोफा आणि सामान ह्यांनी जखडलेल्या त्या फौजेस वळताही येईना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान टाकून परत गेला. खानाच्या शौर्याविषयी येथे प्रश्न नाही. हलक्या पावलाच्या मावळ्याची जी वाट, तीवर त्याने जड फौज घातली, एवढेच. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' गडाच्या वाटांविषयी आणि घेऱ्यातील झाडीविषयी इतके बारकाईने का बोलते, ते ह्या प्रसंगावरून ध्यानात येते. तेथे वाटेची कठीणता हा दोष नसून गुण आहे, आणि तो जाणूनबुजून राखावयाचा आहे.

इंग्रजी अमलात ह्या उलट झाले. एकच वाट सर्वांस चालावी हे ध्येय ठरले. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला, आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर आली. रुळांची चढण सदतीस फुटांस एक फूट ह्याहून अधिक ठेवली नाही. तेवढ्यासाठी गाडीस एका ठिकाणी थांबून उलट दिशेने निघावे लागे, आणि ही कसरत १९२९ पर्यंत चालली. आमच्या बाजूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअराने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली. ती १९११ साली लातुरास पोहोचली. घाटात वळावयाचे तर गाडीच अरुंद करावी, हा त्याचा विचार लमाणाच्या विचाराहून फार दूर नव्हता.

आता सायकलीकडे वळू. १८८५ ची स्टार्लीची समान चाकांची सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायर ह्यांनी ती घरोघर नेली. पण ती सडकेचीच. डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टॅमलपायस पर्वताच्या परिसरात झाला. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावरून सुटत. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट, म्हणजे आठ फुटांस एक फूट! मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून जाई आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून त्या शर्यतीस 'रीपॅक' हे नाव पडले. पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. (किटल्या लटकवून चिखलाच्या गाडीवाटेने तालुका गाठणारा आमचा दूधवाला ह्या कलेचा आद्य आचार्य ठरावा, परंतु त्याची वेळ कोणी घड्याळ लावून मोजली नाही.)

त्या तरुणांच्या मागोमाग भांडणही आले. १९८० नंतरच्या दशकात त्याच पर्वतावरील अरुंद पायवाटा चाकांस बंद झाल्या. ह्या बंदीच्या धास्तीने सायकलस्वारांना शहाणपण सुचले, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेने वाटबांधणीचे नियम घालून दिले. सरासरी चढण दहा फुटांस एक फुटाहून जास्त नको. आणि वाटेची चढण डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नको, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते आणि तिचा ओहोळ करते. प्रतींसाठी बर्फावरील घसरखेळाच्या खुणा उचलल्या: नवशिक्यास हिरवे वर्तुळ, सरावलेल्यास निळा चौकोन, पटाईतास काळा चौकट. वेल्समधील कोएड-अ-ब्रेनिन येथील सरकारी अरण्यात १९९० नंतर अशा वाटा खास सायकलींसाठी बांधल्या गेल्या, तेव्हा ह्या मताचा जाहीर प्रयोग झाला.

वाट कागदावर आखणे आणि पायांनी आखणे ह्यांत अंतर असते. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर किल्लारीसह बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. गावठाणे प्रशस्त, रस्ते सरळ, चौक काटकोनात. पण कित्येकांस आपले शेत दूर पडले. घराघरांमधून निघून बांधावरून जाणाऱ्या जुन्या वाटा कोणत्याही नकाशात नव्हत्या. त्या गेल्या हेही मग नकाशात दिसले नाही. डोंगरवाटा आखणारांनी हे लक्षात ठेवावे. तेथे गुराखी, मधपाळ आणि लाकूडफाट्यास जाणारी बाई हीच जुनी मोजणीखाती होत.

आमच्याकडे असा प्रयोग कोठे करावा? येडशीची झाडी चटकन डोळ्यांपुढे येते. रामलिंगाचे देऊळ दरीत आहे, पावसाळ्यात शेजारी धबधबा पडतो, आणि जटायूची कथा तेथील प्रत्येक माकडास पाठ असावी असे वाटते. परंतु ते अभयारण्य आहे. तेथील वाटांवर पहिला हक्क पायांचा, आणि त्यातही चार पायांचा. भीमाशंकरच्या शेकरूंसही हाच न्याय. अभयारण्यांबाहेर बालाघाटाच्या उघड्या टेकड्या थोड्या नाहीत. त्यांतील एखादी निवडावी, सपाट पट्टीवरची फेरी मुलांस द्यावी, सोंडेची वाट सरावलेल्यांस, आणि कड्याची नाळ फक्त ज्यांनी पहिल्या दोन्ही पार केल्या त्यांस. पण कुदळ मारण्यापूर्वी एक मृग जाऊ द्यावा आणि पहिल्या चार पावसांत छत्री घेऊन तेथे उभे राहावे. पाणी कोठून धावते ते पाहून मगच खुंट्या ठोकाव्यात.