तळटीप 14 : बिग फनची चित्रं
14. 1980च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची छोटी चित्रं. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक बेरीज जमली की बक्षीस मिळे. दुकानापुढे मुलांची चित्रांची अदलाबदल चाले ती या बेरजेसाठीच. आज जपलेल्या चित्रांपैकी ‘अस्सल’ म्हणजे त्या काळच्या छापखान्यातलं : भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, घरच्या इंकजेट प्रिंटरवरच्या नकलेत ठिपके विस्कटलेले असतात. घडी पडली, वहीत चिकटवल्याने मागे गोंद राहिला, की किंमत उतरते. तरी असं चित्र जपावंच. खरं नुकसान कडा कापून चित्र ‘नीटस’ करण्यात आहे, कारण मूळ आकारच जातो. रंग उडाला असेल तर तो पेनाने गडद करू नये.