वायली पोस्ट यांचा विमान-अपघात : कारण व साक्ष

15 ऑगस्ट 1935 रोजीं अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, बॅरो गांवाच्या नैर्ऋत्येस एका उथळ तळ्यांत विमान कोसळून अमेरिकन वैमानिक वायली पोस्ट व विनोदी लेखक विल रॉजर्स हे मृत्यु पावले. पोस्ट हे 1933 सालीं एकट्यानें विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले पुरुष होत. अशा निष्णात वैमानिकाच्या हातून असें कां घडावें, या प्रश्नास ‘उड्डाणानंतर लगेच एंजिन बंद पडलें’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु पुरावा पाहतां तें अपुरें ठरतें.

प्रथम साक्ष पाहूं. तळ्याकांठीं इनुपियाट जमातीचे क्लेअर ओक्पीहा होते. धुक्यांत वाट चुकून विमान तेथें उतरलें, वैमानिकांनीं त्यांस बॅरोची दिशा विचारली व पुन्हां उड्डाण केलें. विमान फारसें उंच गेलें नाहीं तोंच एंजिन थांबलें आणि तें उजव्या अंगास कलून पाण्यांत पडलें. हांकांस उत्तर न आल्यानें ओक्पीहा दहा मैलांहून अधिक वाट धांवत बॅरोस गेले. तेथील लष्करी बिनतारी केंद्रांतून वार्ता जगास कळली. त्या पहिल्या संदेशांत मात्र या साक्षीदाराचें नांव नव्हतें.

दुसरें साधन विमानाची घडण हें होय. लॉकहीड कंपनीच्या ‘ओरायन’ जातीच्या विमानाच्या धडास तिच्याच ‘एक्स्प्लोरर’ जातीचा पंख जोडला होता, व पाण्यावर उतरण्यासाठीं चाकांच्या जागीं पोकळ तरते बसविले होते. या जोडणीमुळें विमान पुढील अंगास जड झालें होतें, असें चौकशींतहि नमूद झालें.

या दोषाचें मर्म असें. एंजिन जोरांत चालू असतां पंख्याचा झोत शेपटीवर येतो, त्यामुळें शेपटीच्या फळीनें नाक उचलून धरतां येतें. झोत थांबतांच हा आधार जातो व नाक खालीं येतें. उंची भरपूर असेल तर खालीं झेपावून वेग मिळवितां येतो आणि विमान सांवरतां येतें. येथें तितकी उंचीच नव्हती.

एंजिन कां थांबलें, याविषयीं कार्ब्युरेटरांत बर्फ सांचणें, वापरांतील टाकींतलें पेट्रोल संपणें, असे तर्क झाले. पण त्यांपैकीं कोणताहि निर्णायक ठरला नाहीं. तात्पर्य, एंजिन थांबणें हें अपघाताचें निमित्त. विमानाचा पुढील भार हें त्याचें मूळ. एंजिनाच्या बळानें तो दोष झांकला होता, आणि बळ सरतांच तो उघडा पडला. निमित्त व मूळ वेगळें करतां येतें तें मुख्यतः ओक्पीहा यांनीं प्रत्यक्ष पाहिलेल्या क्रमावरून. म्हणून या घटनेच्या इतिहासांत त्यांचें नांव वैमानिकांच्या नांवांबरोबर लिहिलें जाणें न्याय्य आहे.