फरशीखालील नळगळती

कोब्यात किंवा काँक्रीटमध्ये गाडलेल्या पाण्याच्या नळातून होणारी झिरप व तिची दुरुस्ती. बेळगावच्या खडेबाजारासारख्या जुन्या पेठेत पुढे दुकान, मागे घर अशी मांडणी असली की रस्त्यावरची जोडणी दुकानाच्या फरशीखालूनच न्हाणीपर्यंत जाते. त्यामुळे नळ फुटला की ओल नेमकी मालाखाली येते.

शहराला पाणी मिळते ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ मध्ये इथल्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. ठरावीक वेळी पाणी येते तिथे फुटका नळ तेवढ्याच वेळात गळतो. पण तो रिकामा झाला की आजूबाजूचे घाण पाणी त्याच भोकातून आत शिरू शकते. दाब कायम राहिला तर गळतीही अहोरात्र चालते. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, आणि ते मीटरवर चढते.

जुने नळ बहुधा जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे, म्हणजे जीआय. ते आधी जोडाशी कुजतात. आटे पाडताना तिथला जस्ताचा लेप निघालेला असतो आणि नळाची जाडीही घटलेली असते. नळ काँक्रीटमधून ओल्या मातीत उतरतो ती जागाही कच्चीच: काँक्रीटमधल्या लोखंडाच्या मानाने मातीतले लोखंड लवकर झिजते.

फोडाफोडीच्या आधी शोध घ्यावा. घरातले सगळे नळ व टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, घराच्या हद्दीत आहे. मग एकेक फाटा बंद करून हातपंपाने दाब द्यायचा. जो फाटा दाब धरत नाही, तो दोषी. रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचे एक टोक फरशीवर नि दुसरे कानाशी धरले तर सुसकारा ऐकू येतो. ओल दिसते तिथेच भोक असेल असे मात्र नाही. पाणी कोब्याखालून उताराने लांब जाऊन एखाद्या सांध्यातून वर येते, आणि पावसाळ्यात जमिनीची ओलही तशीच दिसते.

जागा सापडली की ग्राइंडरने चौकोन कापून छिन्नीने काँक्रीट काढतात, कुजका तुकडा कापून नवा घालतात. एम-सीलचा (इपॉक्सी लांबीचा) लेप तात्पुरताच. नळ चालू असताना तो नीट धरतही नाही. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या नळाचे जोड चिकटवताना नळ कोरडा हवा. जीआयमध्ये दोन्ही टोके पक्की असल्याने युनियन, म्हणजे खोलता येणारी जोडणी, लागते, आणि ती पुन्हा गाडणे चूक.

नळ एका जागी कुजला असेल तर उरलेलाही त्याच वयाचा असतो. म्हणून गाडलेली लाइन दोन्ही टोकांना बंद करून नवी लाइन भिंतीवरून उघडी नेणे जुन्या घरांत बहुतेकदा शहाणपणाचे. दिसायला ती बरी नसते, पण पुढची गळती डोळ्यांना दिसते आणि दुकान बंद ठेवावे लागत नाही. फरशीखालूनच न्यायची वेळ आली तर नळ मोठ्या पाइपात घालून न्यावा, दाबाची चाचणी होईपर्यंत खाच उघडी ठेवावी आणि बुजवण्यापूर्वी भिंतीपासूनची मापे लिहून फोटो काढावा.