घर सोडणाऱ्यांचा वेश

जालना जिल्ह्याच्या मुलखात बाईने बाईसारखे आणि पुरुषाने पुरुषासारखे वागावे या रीतीतून सुटण्याची जुनी वाट एकच होती : घर सोडणे. लग्न, चूल, मूल, शेत, श्राद्धपक्ष हे सगळे सांभाळून वेगळे जगू पाहणाऱ्याला गाव सहसा मोकळे सोडत नसे. मात्र ज्याने या सगळ्यावर पाणी सोडले आणि तसा ओळखू येणारा वेश घेतला, त्याच्यासमोर तेच गाव हात जोडत असे. जिल्हा म्हणून जालना नवा आहे. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून तो १ मे १९८१ रोजी वेगळा काढण्यात आला. पण दक्षिणेची गोदावरी आणि उत्तरेचे अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या या पट्ट्यात ही वाट निदान साडेसातशे वर्षे वाहती आहे.

तिचा पहिला ठळक मागोवा महानुभाव पंथात लागतो. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीजवळचा जाळीचा देव हे पंथाचे मोठे तीर्थस्थान आहे. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, चक्रधरस्वामींनी स्त्रियांना आणि पुरुषांना सारखाच संन्यास दिला. धर्मशास्त्राच्या रूढ चौकटीत स्त्रीला संन्यासाचा अधिकारच नव्हता. बाप, नवरा आणि मुलगा यांच्यापैकी कोणाच्या तरी आधाराने तिने राहायचे, ही व्यवस्था. चक्रधरांच्या आचारधर्मात आपला देश, आपले गाव आणि आपले नातलग यांचा संबंध सोडून अनोळखी ठिकाणी भिक्षा मागत फिरणे हाच नियम होता, आणि तो बायकांनाही लागू होता. परक्या दारात उभे राहून अन्न मागणारी, झाडाखाली किंवा पडक्या देवळात मुक्काम करणारी बाई हे दृश्य त्या काळी किती धक्कादायक असेल, याची कल्पना आजही करता येते. विटाळाचा प्रश्नही चक्रधरांनी सरळ निकालात काढला. शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हा एक, त्यासाठी बाईने बाजूला बसण्याचे कारण नाही, असे त्यांचे सांगणे होते.

या मोकळिकीला मर्यादाही होत्या. चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या सर्वांत जवळ वावरणाऱ्या बाइसा बऱ्याचदा दिसतात त्या स्वयंपाक करताना, पाणी आणताना आणि गुरूच्या आरोग्याची काळजी वाहताना. घर सुटले तरी घरातले काम सगळ्यांचेच सुटले नव्हते. त्याच ग्रंथातली महदाइसा मात्र वेगळी आहे. चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण बालविधवा होती आणि आधी दादोस नावाच्या साधूच्या शिष्यवर्गात होती. चक्रधरांकडे आल्यावर तिने जे केले त्याला एकच नाव देता येते, प्रश्न विचारणे. हे असे का, त्याचा अर्थ काय, मागे सांगितले त्याच्याशी याचा मेळ कसा बसतो, असे ती सतत विचारत राहिली. तिच्या या जिज्ञासेची नोंद खुद्द पंथाच्या ग्रंथांनी कौतुकाने केली आहे.

महदाइसेचे ‘धवळे’ ही मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना मानली जाते. ती कशी जन्मली हे पाहिले तर या काळातल्या उलथापालथीचा अंदाज येतो. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, राहत. लोकांना वेडगळ वाटावे असेच त्यांचे वागणे होते. जात, सोवळे, वेळ-अवेळ यांतले काहीच ते पाळत नसत. आपले लग्न व्हावे, असे एकदा त्यांच्या मनाने घेतले आणि भक्तांनी तो सोहळा थाटला. त्यात नवरदेवाची गाणी हवीत म्हणून महदाइसेने रुक्मिणीस्वयंवराचा विषय घेऊन धवळे रचले. विधवेची सावलीही लग्नमंडपात अशुभ मानली जात असे, अशा समाजात एका बालविधवेने एका विरक्ताच्या लग्नाची मंगलगाणी गावीत, यापेक्षा मोठा रीतिभंग शोधूनही सापडायचा नाही. तरीही ‘धवळ्यां’त बंडाचा सूर कुठेच नाही. आहे तो केवळ आनंद.

पंथाच्या भाषेचा निर्णयही बायकांकडे पाहूनच झाला. पंथातल्या केशिराज या पंडिताला संस्कृतात लिहायचे होते, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या बायकांना त्याचा काही उपयोग होणार नाही म्हणून नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, ही ‘स्मृतिस्थळा’तील हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला. त्या वेळी तयार झालेल्या पाठांपैकी एक हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. बायकांच्या या ओढ्याची किंमतही मोजावी लागली. पंथाच्या परंपरेनुसार चक्रधरांवर पैठणला सभा भरवण्यात आली आणि बायका त्यांच्या नादी लागतात हा त्या रोषाचा एक भाग होता.

या वाटेचा दुसरा मागोवा घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी लागतो. सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांचा धाकटा मुलगा नारायण याचा जन्म येथे १६०८ मध्ये झाला. बाराव्या वर्षी आसनगावला त्याचे लग्न ठरले आणि भटजींनी मंगलाष्टकांच्या शेवटी ‘सावधान’ म्हणताच तो मांडवातून पळाला, ही समर्थ रामदासांची कथा महाराष्ट्रात सांगितली गेली नाही असे घर विरळा. मुलाने वयात येताच संसार मांडायचा ही पुरुषावरचीही सक्ती होती. पुरुषत्वाची व्याख्या कमावता नवरा आणि मुलांचा बाप अशी असल्यावर तिच्यातून सुटायला पुरुषालाही पळावेच लागत होते. थोरला भाऊ गंगाधर मात्र जांबलाच राहिला, प्रपंच केला आणि ‘रामीरामदास’ या नावाने ग्रंथरचनाही केली. घरात राहून आपल्या मनासारखे जगणारा भाऊ लोकांच्या आठवणीत मागे पडला, पळालेला समर्थ झाला. मांडवात अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीच्या वाट्याला मात्र या कथेत एक वाक्यही क्वचितच येते. सावध होऊन पळण्याची सोय तिला नव्हती.

रामदासांनी पुढे आपल्या संप्रदायात बायकांना जी जागा दिली ती लक्षात घेण्यासारखी आहे. वेणाबाई ही बालविधवा. तिचे माहेर कोल्हापूरचे, सासर मिरजेचे. समर्थांच्या कीर्तनाला जाते म्हणून तिची बदनामी झाली आणि माहेरच्यांनी तिला विष दिले, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. ती वाचली, समर्थांबरोबर गेली, त्यांच्या आज्ञेने उभी राहून कीर्तन करू लागली आणि मिरजेच्या मठाची अधिकारी झाली. ‘सीतास्वयंवर’ ही तिची रचना. अक्काबाई याही बालविधवा. समर्थांच्या निधनानंतर, १६८२ पासून, चाफळ-सज्जनगडच्या कारभारात त्यांचा मोठा वाटा होता, आणि तो काळ औरंगजेबाच्या स्वाऱ्यांचा होता. विधवेच्या नशिबी असलेला कोपरा आणि मठाधिपतीची गादी यांत एका गुरूच्या शब्दाचे अंतर होते. तो शब्द ज्यांना मिळाला नाही अशा हजारो बायका मात्र कोपऱ्यातच राहिल्या.

घर न सोडता सत्ता चालवणाऱ्या बाईचे उदाहरण अंबडला आठवते, कारण तिथल्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हारराव होळकरांनी थांबवले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य केले, तेही पांढऱ्या वस्त्रात, व्रतवैकल्ये काटेकोर पाळत. राज्यकारभार पुरुषाचा आणि राहणी आदर्श विधवेची असा हा तोल होता. तो सांभाळला म्हणूनच काळाने त्यांना फारसा विरोध केला नाही, असे म्हणणे गैर ठरू नये.

वेश बदलला की मोकळीक मिळते असे मात्र नाही, हे पोतराजाकडे पाहून कळते. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे जालन्याच्या गावांतही मरीआईचा पोतराज दारोदार येत असे. कमरेला खणांच्या तुकड्यांचे घेरदार आभरण, पायांत घुंगरू, वाढवलेले आणि मोकळे सोडलेले केस, कपाळभर हळदकुंकू, उघड्या अंगावर स्वतःच्याच हाताने ओढलेला आसूड. बाजूला डोक्यावर देवीचा गाडा घेतलेली त्याची बायको, हातात ढोलके. आसुडाचा कडाड आवाज झाला की पोरे आईच्या पदराआड जात आणि बायका सुपातून धान्य आणत. पुरुषाने बाईचा घागरा घालून, केस वाढवून गावभर फिरावे आणि कोणी हसू नये, ही सवलत देवीच्या नावाने होती. पण पोतराज होणे हा बहुधा त्याचा निर्णय नसे. पटकीच्या साथीत किंवा मूल जगत नाही म्हणून आईबापांनी नवस बोललेला असे, आणि मुलगा जन्मतःच देवीला वाहिलेला असे. त्याच्या केसांना कात्री लावायची नसे. ही प्रथा मुख्यतः मातंग आणि महार समाजांतून पाळली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर कितीक पोतराजांचे केस समारंभाने कापले गेले. इथे केस कापून चारचौघांसारखा पुरुष होणे हेच स्वातंत्र्य होते.

देवीचा आधार नसलेल्या वेशाकडे राज्यसत्तेने गुन्हा म्हणून पाहिले. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि या संस्थानानेही फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, त्याच धर्तीचा स्वतंत्र कायदा केला. हैदराबाद शहरात आणि सरकार जाहीर करील अशा इतर ठिकाणी संशयित हिजड्यांची नोंद ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत दिसली, अथवा सार्वजनिक करमणुकीत नाचली-गायली, तर तिला वॉरंटशिवाय पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. लुगडे नेसणे हा गुन्हा ठरायला नेसणाऱ्याने दुसरे काही करण्याची गरज नव्हती.

याच संस्थानात तीसेक वर्षांनी उलट्या दिशेने वेश बदललेल्या बाईचा गौरव झाला. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात पुरुषी पोशाख चढवला, घोड्यावर मांड ठोकली आणि बंदूक उचलली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जोर वाढला आणि सीमेपलीकडे मुक्तिसैनिकांची केंद्रे उभी राहिली. अशा दिवसांत दगडाबाईंचा वावर निरोप पोहोचवणाऱ्या आणि भाकरी बांधून देणाऱ्या बायकांपुरता राहिला नाही. मराठवाड्याची झाशीची राणी ही त्यांची ओळख आजही जिल्ह्यात सांगितली जाते. या पदवीतच समाजाची अट दडलेली आहे. बाईने पुरुषाचे कपडे घालावेत ते लढाईपुरते, आणि त्याला एखाद्या राणीचा दाखला असावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. त्यानंतर लढलेल्या पुरुषांपैकी काही आमदार, खासदार, मंत्री झाले. बायकांच्या आठवणी बहुतांशी सत्कारापुरत्या उरल्या.

स्वातंत्र्यानंतर बदल झाला तो दुसऱ्या टोकाने, घरात राहणाऱ्यांसाठी. १९५५ आणि १९५६ च्या हिंदू कायद्यांनी घटस्फोट आणि वारसा यांची दारे किलकिली केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. हिस्सा मागणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते हा अनुभव मात्र अजून सार्वत्रिक आहे, आणि ‘हक्कसोड’ हा शब्द तलाठ्याच्या कचेरीत आजही रोजच्या वापरातला आहे. पंचायतीत बायकांना १९९० च्या दशकात एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. सरपंच बाईच्या खुर्चीशेजारी बसणारा सरपंचपती हा त्याचा अनपेक्षित परिणाम. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा वारल्यावर बांगड्या फोडण्याची आणि कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो सर्व ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. महदाइसेला आणि वेणाबाईला जे मिळवण्यासाठी घर सोडावे लागले, त्यातला थोडासा भाग घरातच मिळावा, असा हा ठराव होता.

वेशाच्या जुन्या कायद्याचा निकाल आणखी उशिरा लागला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जालना मुंबई राज्यात आले, पण तेलंगणच्या भागात निजामाच्या काळातला तो कायदा कागदावर तसाच राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्याआधी, १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे स्वतंत्र लिंग मान्य करून ते ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला होता. त्यासाठी शस्त्रक्रियेचा दाखला मागता येणार नाही, असेही बजावले होते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ही ओळख नोंदवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. ‘तृतीयपंथी’ अशी नोंद प्रतिज्ञापत्रावर करण्याची सोय त्यात होती, पण ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर या कायद्याने शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय दाखला पुन्हा मागितला.